ज्यांना मत नव्हते त्यांची निवडणूक
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज अमेरिकेतल्या १८६० सालच्या निवडणुकीची हकीकत सांगतो. तेव्हा तिथं सुमारे ४० लाख काळी माणसं गुलाम होती. दक्षिणेतल्या मळ्यांत ती कापूस वेचायची आणि तो कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जायचा. आपण गिरणीतली माणसं, कापूस आपल्याला ठाऊक. पण त्या कापसामागे चाबूक होता. आई एका मालकाला विकायची, लेकरू दुसऱ्याला. १८५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तर सांगून टाकले की, काळा माणूस देशाचा नागरिकच नाही!

६ नोव्हेंबर १८६० रोजी मतदान झाले. उमेदवार चार. गुलामीवरून डेमोक्रॅटिक पक्ष फुटला होता; उत्तरेचा डग्लस, दक्षिणेचा ब्रेकिनरिज. तिसरा बेल आणि चौथा रिपब्लिकन पक्षाचा अब्राहम लिंकन. गरिबाघरचा, शाळा फारशी न पाहिलेला. तो काय म्हणत होता? गुलामी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, एवढंच. तेवढ्यानेच मालक खवळले. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकासुद्धा नव्हती. जनतेची ४० टक्क्यांहून थोडी कमी मते त्याला पडली, पण अध्यक्ष निवडणाऱ्या ३०३ प्रतिनिधींपैकी १८० त्याच्या बाजूचे निघाले. लिंकन जिंकला.

हरलेल्यांनी निकाल मानला नाही. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटून निघाले. ४ मार्च १८६१ ला लिंकनने शपथ घेईपर्यंत सात राज्ये गेली आणि १२ एप्रिलला सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या. चार वर्षे यादवी चालली. पावणेदोन लाखांवर काळे सैनिक लढले, तेव्हा १८६५ साली गुलामी कायद्याने संपली. म्हणूनच महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली.

आता विचार करा. ज्यांच्या जन्माचा प्रश्न होता, त्या ४० लाखांना मतच नव्हते. १८७० साली काळ्या पुरुषांना ते कागदावर मिळाले. पण दक्षिणेत कर लावून, वाचनाच्या परीक्षा घेऊन हिसकावले गेले. १९६५ च्या कायद्यापर्यंत त्यांना झगडावे लागले. आपल्या देशात मात्र १९५० च्या घटनेने बाई-पुरुष, शिकलेला-अडाणी, सर्वांना एकदमच मत दिले.

मालकाला मताची केवढी भीती असते, ते या निवडणुकीने दाखवले. तेव्हा मतदानाच्या आदल्या रात्री कुणी गल्लीत पाकीट घेऊन आला, तर माझ्या माय-माउल्यांनो, त्याला दारातूनच परत पाठवा.

जयभीम!