पाकिटावरचं दुसरं नाव वाचा

(प्रभागसंघाच्या वार्षिक मेळाव्यात लालबागहून आलेल्या ताईंनी केलेलं भाषण, थोडं कमी करून.)



अध्यक्षताईंनी बोलावलं तेव्हा मी म्हटलं, मी काय बोलणार? मी काही डॉक्टर नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या मनीची गोष्ट सांगा, तेवढी पुरे." म्हणून तीच सांगते.

मी इथलीच लेक. लग्न होऊन लालबागच्या चाळीत गेले. आमच्या खोलीत एक मांजर होती, मनी. एका संध्याकाळी तिला दोन-तीनदा उलटी झाली. सासूबाईंचं डोकं दुखलं की त्यांना मळमळायचं, त्याच्या गोळ्या घरात होत्या. आम्ही त्यांना 'उलटीची गोळी'च म्हणायचो. मी अर्धी गोळी कुटून दुधातून मनीला पाजली. उलटी थांबली. मला वाटलं, झालं काम.

सकाळी बघते तर तिचं तोंड सुजलेलं, हिरड्या तपकिरी पडलेल्या, धाप लागलेली. तशीच पिशवीत घालून परळला पळाले. तिथं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल आहे. आम्ही सगळे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. गिरणगावातल्या माणसाला जनावराचं काही झालं की हाच पत्ता आठवतो.

तिथं पहिला प्रश्न आला, काय दिलंत? मी पाकीट पुढे केलं. त्यावर बारीक अक्षरात दोन नावं होती. एक डोमपेरिडोन, म्हणजे उलटीचं औषध. दुसरं पॅरासिटामॉल. आपल्याला ताप आला, अंग दुखलं की घेतो तेच. पण मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि जनावर घुसमटतं. एका गोळीनंसुद्धा मांजर मरतं. त्यावर उतारा आहे, पण तो काही तासांत मिळावा लागतो. मी अख्खी रात्र घालवली होती. दुपारी मनी गेली.

मी वाईट हेतूनं नाही दिलं हो. पण वाचलं नाही.

तेव्हापासून मी जे विचारून घेतलं, ते सांगते.

पहिली गोष्ट, उलटी हा आजार नाही, खूण आहे. गोळी ती खूण झाकते, कारण आत तसंच राहतं. गणपतीत लालबागला घरोघर जरीच्या माळा, झिरमिळ्या असतात. आपल्या गटात शिवणकाम करणाऱ्या ताया आहेत, त्यांच्याकडे दोरा असतो. मांजर खेळता खेळता दोरा गिळतं. कुत्रं हाड गिळतं, आंब्याची कोय गिळतं. वाट अडली की उलटी होते. अशा वेळी मेटोक्लोप्रमाइडसारखं औषध दिलं तर ते आतडं जोरात हलवतं आणि आतडं फाटू शकतं. आणि मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबत असेल तर ओढायचा नाही. आत आतडं कापलं जातं. तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

दुसरी गोष्ट, उलटीची सगळी औषधं एक नाहीत. डॉक्टर ओन्डॅनसेट्रॉन देतात, मेटोक्लोप्रमाइड देतात, मॅरोपिटंट देतात. मॅरोपिटंट तर खास जनावरांसाठीच आहे. कोणतं, किती, कितीदा, हे वय, वजन आणि कारण बघून ठरतं. आपण पन्नास किलोच्या, मांजर तीन किलोचं. 'अर्धी दिली तर काय होतं' हा हिशेब चालत नाही. माणसांच्या काही गोड औषधांत झायलिटॉल नावाची साखर असते, ती कुत्र्याला विष आहे. गेल्या वेळची उरलेली गोळी किंवा शेजारच्या कुत्र्याची गोळीसुद्धा नको.

मग घरी काय करायचं? मोठं, धडधाकट जनावर असेल, एकदाच ओकलं आणि नंतर हिंडतंय-फिरतंय, तर काही तास खायला देऊ नका. पाणी थोडं थोडं द्या. मग मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, मीठ, मसाला, कांदा न घालता. पिल्लांना मात्र उपाशी ठेवायचं नाही, त्यांना लगेच दाखवायचं. विष खाल्लं असं वाटलं तरी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका.

थांबायचं कधी नाही, तेही ऐका. उलटीत किंवा शीत रक्त असेल. पोट फुगलंय, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही. पाणीसुद्धा टिकत नाही. जनावर मलूल पडलंय. उंदराचं औषध खाल्ल्याची शंका आहे. मांजरानं दिवसभर तोंडाला काही लावलं नाही. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण आहे, तर तो पार्व्हो असू शकतो. त्याची लस वेळेवर टोचून घ्या.

जाताना औषधाचं पाकीट, जनावराचं वजन आणि काय खाल्लं ते सांगायची तयारी ठेवा. मोबाईलवर उलटीचा फोटो काढा. लाजायचं काही नाही. आणि घरी काही पाजलं असेल तर खरं सांगा. मी पाकीट नेलं म्हणून निदान कारण तरी कळलं.

गणपतीला मुंबईहून कुत्रं-मांजर घेऊन गावी येणारे असतात. गाडी लागते म्हणून कुणी आपलीच गोळी चारतात. तसं करू नका. निघण्याआधी काही तास पोटभर खाऊ घालू नका, आणि आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. प्रवासासाठी वेगळं औषध आणि वेगळं प्रमाण असतं.

तुम्ही म्हणाल, ताई, तुमचं परळ जवळ, आमचं काय? आपल्या गावात पशुसखी आहे, पशुवैद्यकीय दवाखाना आहे, १९६२ हा फुकट नंबर आहे. गोळी देण्याआधी एक फोन करा. पशुसखी तायांनाही सांगते, शेळीचा अंदाज मांजराला लावू नका, तुम्हीही डॉक्टरांना विचारा.

आपण गटात बचतीच्या वहीतली एकेक ओळ वाचून मगच सही करतो ना? तसंच औषधाचं पाकीट वाचा. वाचता येत नसेल तर शेजारच्या पोरीकडून वाचून घ्या. पहिलं नाव वाचून थांबू नका, दुसरंही वाचा. आणि आज घरी गेल्यावर १९६२ हा नंबर गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.