रविवारची तिसऱ्या प्रहराची बैठक

आठवड्याचे सहा दिवस मध्यमवर्गीय घराचें घड्याळ कचेरी आणि शाळा चालवितात. रविवारीं मात्र तें घरच्यांच्या हातीं येतें. चहा सावकाश होतो, वर्तमानपत्राचीं पानें हातोहात फिरतात, मुलें अंघोळीची टाळाटाळ करितात. जेवण लांबतें आणि त्यामागून वामकुक्षी येते. दिवसाचा उत्तम भाग निद्रेच्या स्वाधीन करावा आणि दिवेलागणीस ‘उद्यां सोमवार’ म्हणून उसासा टाकावा, अशी पुष्कळ घरांची रीत आहे.

श्रोतेहो, हा निवांतपणा आयता पदरांत पडलेला नाहीं. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी इंग्रजी वहिवाटीनें मिळाली. परंतु मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांना ती झगडून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालापासून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत भरलेल्या सभेस सुमारें दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांचींही भाषणें झालीं, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत गिरणीमालकांनीं सुटी मान्य केली. दहा हजारांनीं मिळून मागितलेला दिवस ज्यानें त्यानें आपापल्या उशीवर घालवावा, हें कांहीं शोभत नाहीं.

मिळून घालविण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे वाडींत किंवा वसाहतीच्या सभागृहांत भरणारी दुपारची गाण्याची बैठक. मिळून ऐकण्याची ही परंपरा महाराष्ट्रांत नवी नाहीं. पुण्यांत १८७४ सालीं गायन समाज निघाला, आणि १९११ सालीं भास्करबुवा बखले यांनीं भारत गायन समाजाची स्थापना केली. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. १९०८ सालीं त्याची शाखा मुंबईंत आली. अशा प्रयत्नांमुळें गाणें दरबारांतून आणि धनिकांच्या दिवाणखान्यांतून निघून साध्या गृहस्थाच्या सतरंजीवर येऊन बसलें.

दुपारच्या बैठकीचा आणखी एक लाभ आहे. आपल्या रागांना वेळेचें बंधन मानलेलें आहे. रात्रीच्या मैफलींमुळें यमन, बागेश्री, मालकंस कानांच्या ओळखीचे होतात. पण भीमपलास आणि मुलतानी यांच्या वेळीं नोकरदार माणूस कचेरींत खर्डेघाशी करीत असतो. त्याला हे राग त्यांच्या वेळेवर भेटावयाचे तर रविवारींच. तीन वाजण्याच्या सुमारास भीमपलास सुरू झाला, कीं कोमल गंधार-निषादांनीं दुपारची शांतता भरून जाते. पुढें मुलतानी येतो. दोहोंच्या आरोहांत रिषभ-धैवत नाहींत, दोहोंचा गंधार कोमलच. पण मुलतानींत मध्यम तीव्र होतो, निषाद शुद्ध होतो, आणि उतरतांना भेटणारे रिषभ-धैवत कोमल होतात. शास्त्र न जाणणाऱ्या श्रोत्यालाही ऊन कलल्याची जाणीव होते. खिडकीबाहेरची सांवली आणि आंतले स्वर यांचा असा मेळ रात्रीच्या दिव्यांत कोठून मिळावा?

मात्र या सुखांत एक उणीव राहते, आणि ती घरोघरची आहे. रविवार हा घरधन्याचा विसांवा, गृहिणीचा नव्हे. त्याच दिवशीं मसालेभात हवा, त्याच दिवशीं पुऱ्या हव्यात, आणि पाहुणेही त्याच दिवशीं यावयाचे. तिकडे तंबोरे जुळत असतात, आणि इकडे ती खरकट्या ताटांच्या राशीपुढें उभी असते. भीमपलास भिंतीपलीकडून अर्धामुर्धा तिच्या कानीं पडतो; मुलतानीच्या वेळीं चहाचें आधण ठेवावयाचें असतें. १८९० च्या सभेंत बोलावयास उभ्या राहिलेल्या त्या दोघी स्त्रियांनीं सुटी मागितली ती कांहीं केवळ पुरुषांच्या वामकुक्षीसाठीं नव्हे.

उपाय अवघड नाहीं. बैठकीच्या दिवशीं खिचडी, ताक आणि पापड एवढ्यावर भागवावें. भांडीं मुलांनीं विसळावीं, केर गृहस्थांनीं काढावा, आणि सभागृहांतील चहाचें काम पुरुषांनीं पाळीपाळीनें अंगावर घ्यावें. सर्वांच्या पुढल्या सतरंजीवर आधीं घरच्या बायकांना बसवावें. असें होईल त्या घरीं मुलतानी संपून दिवे लागतील तेव्हां रविवार साऱ्या कुटुंबाच्या वांट्याला आलेला असेल. आणि उद्यांच्या सोमवाराचें भयही थोडें कमी झालेलें असेल.