बर्फ वितळतो तिकडे, मृग लागतो इकडे

मी धरणगावहून बोलतोय. निसर्गकवी बालकवी १८९० साली याच गावात जन्मले. मीसुद्धा सध्या गवताच्याच मागे आहे, फक्त माझं गवत फिनलंड-कॅनडाचं, आणि तेही लॅपटॉपवर!

तिकडे गाईंसाठी गवताची शेती करतात, तिला खत घालतात. मातीतले जिवाणू त्यातल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. शंभर वर्षांच्या हिशोबात हा एक किलो वायू २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. प्रत्येक शेतात यंत्र लावून मोजणं परवडत नाही, म्हणून मॉडेल वापरतात. हवामान, माती, खत यांची माहिती द्यायची, गणित अंदाज देतं. डीएनडीसी हे असंच एक मॉडेल, १९९२ साली अमेरिकेत चांगशेंग ली यांनी मांडलेलं.

आता गंमत बघा. थंड देशात वसंतात बर्फ वितळतो, गोठलेली माती मोकळी होते आणि वायूचा एकदम लोंढा सुटतो. वर्षाचा मोठा वाटा त्या थोड्या आठवड्यांतच निघू शकतो. मॉडेलने तेवढे दिवस चुकवले, की वर्षाचा हिशोब चुकला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण मृग आहे ना! उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीवर पहिला पाऊस पडला, की झोपलेले जिवाणू जागे होतात आणि इथेही लोंढा सुटतो. त्यामुळे तिकडच्या गवतावर बसवलेलं मॉडेल आपल्या कापसाला जसंच्या तसं लावून चालत नाही.

साधा हिशोब करू. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र साधारण २०.७ किलो. आयपीसीसीचा २००६ चा सरसकट दर १ टक्का. त्याने एका गोणीमागे कार्बन डायऑक्साइडच्या मापात सुमारे ८९ किलो येतात. २०१९ च्या सुधारणेत कोरड्या हवामानाला ०.५ टक्के दिला. उष्ण प्रदेशात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आत पाऊस म्हणजे कोरडं, म्हणजे आपण त्यातच. मग येतात ४४ किलो. गोणी तीच, शेत तेच, आकडा निम्मा! उद्या कोणी कार्बन क्रेडिटचा करार घेऊन दारात आलं, तर आधी विचारा: "आकडा कुठल्या मातीवरून काढला?"

हे सगळं मी आप्पांना समजावत होतो. मातीच्या पोकळीत साधारण ६० ते ८० टक्के पाणी असताना हा वायू जास्त निघतो, असं सांगितलं. आप्पा म्हणाले, "म्हणजे वापसा नसताना. मग मी काय सांगतो दरवर्षी? चिखलात युरिया फेकू नको. वापसा येऊ दे, थोडा थोडा दे, मातीआड कर."

मी गप्प! मॉडेल जे शोधतंय, त्याला आमच्या घरात आधीपासून शब्द होता. आता त्या वापशाचं माप घ्यायचं काम मात्र आपल्या पिढीचं आहे.

तुमच्याकडे युरिया कधी देतात? घरी विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!