कापडी ईदकार्ड

मी कविता लिहितो, त्यामुळे मला बहुतेक वेळा कवितेवरच बोलायला बोलावतात. आज मात्र मी शिलाई मशीनवर बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर, शिलाई मशीनवर तयार होणाऱ्या शुभेच्छापत्रांवर.

आमचं घर मिरजेचं. अम्मी घरीच कपडे शिवायची. गल्लीतल्या घराघरांतले ब्लाऊज, परकर, मुलींचे फ्रॉक तिच्या काळ्या पायमशीनवरून जात. कापून उरलेली चिंधी ती कधी फेकत नसे. मोठ्या तुकड्यांच्या गोधड्या होत. तळहाताहून लहान तुकडे एका पत्र्याच्या डब्यात पडत : साटन, पॉपलिन, खण, इरकली काठ. अर्धा रमजान सरला की तो डबा फळीवरून खाली यायचा आणि ईदकार्डं सुरू व्हायची.

बाजारात तेव्हा ईदकार्डांचे स्टॉल लागत. चमकी लावलेली मशीद, गुलाबाचं फूल, चाँद आणि खाली उर्दूत छापलेला मजकूर. आमच्या घरात उर्दू कुणालाच वाचता येत नव्हतं. आम्ही भावंडं मराठी शाळेतली आणि अम्मी तर शाळेतच गेलेली नव्हती. मी पेन्सिलीनं कापडावर ‘ईद मुबारक’ लिहून द्यायचो, ती मशीननं ते गिरवायची. जी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, ती ती दोऱ्यानं लिहीत होती. आपली देवनागरी तिला फार सोयीची वाटे. एक अक्षर संपलं की शिरोरेघेवरून सुई पुढच्या अक्षरावर जाते, मध्ये दोरा तोडावा लागत नाही. “तुमच्या अक्षरांना दोरी बांधलेली आहे,” असं ती म्हणायची.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. भरतकामासाठी मशीनचा पाय काढून ठेवायचा आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवर पत्र्याची छोटी पट्टी बसवायची. आता कापड आपोआप सरकत नाही. लाकडी रिंगमध्ये ताणून बसवलेलं कापड दोन्ही हातांनी आपण फिरवायचं. पाय एका लयीत, हात दुसऱ्या. साध्या मशीनला जाड टाका घालता येत नाही. तो हवा असेल तर रिंग डावी-उजवीकडे भराभर हलवावी लागते. वरच्या दोऱ्याचं टेन्शन किंचित सैल ठेवायचं, म्हणजे बॉबिनचा दोरा वर डोकावत नाही.

मग तुकडेकाम. तुकडा कापण्याआधी त्याला खळ लावून वाळवायचा, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत. आधी घुमट, त्याच्या कडेवर मिनार, सगळ्यात शेवटी चंद्र. हे सगळं एका कापडावर जमलं की ते कापड कार्डावर चिकटवून भोवतीनं एक शिवण मारायची. खरी परीक्षा इथेच असते. कागदावर टाका लांबच हवा. बारीक टाके घातले, तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि कार्ड त्या रेघेवर फाटतं. उलट शिवून टाका पक्का करायचा नाही. दोऱ्याची टोकं मागे ओढून हातानं गाठ मारायची. कागदानं सुईचं टोक बोथट होतं, म्हणून कागदाची सुई वेगळी ठेवायची. कापडावरचा चुकलेला टाका उसवता येतो. कागदावरचं भोक मात्र तसंच राहतं.

पुढे मी वाचलं, की पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणारे सैनिक रेशमी कापडावर भरतकाम केलेली कार्डं विकत घेऊन घरी पाठवत. काहींना छोटा खिसाही असे आणि त्यात चिठ्ठी ठेवलेली असे. घरच्यांना हाताला लागेल असं काहीतरी पाठवावं, हे त्या सैनिकांनाही वाटत असणार. आणि कापड व कागद ही तशी परकी मंडळी नव्हेत. हातकागद सुती चिंध्यांचाच होतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावच कागद करणाऱ्यांवरून पडलेलं आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० सालापासून हातकागदाची संस्था आहे.

अम्मीच्या कार्डांची एक खूण होती. ज्याला कार्ड जायचं, त्याच्या घरच्या कपड्याचा एखादा तुकडा त्यात असायचाच. सगळ्यांचे कपडे तीच शिवत असल्यामुळे तुकड्यांना तोटा नव्हता. शेजारच्या काकूंना दिवाळीला पणतीचं कार्ड जायचं. त्यातली पणती त्यांच्याच ब्लाऊजच्या खणाची असायची. काकू ते पाहिल्याबरोबर म्हणायच्या, “अगं, हा तर माझ्या पाडव्याचा!” सांगलीच्या खालाला तर पत्र लागतच नसे. कार्डातले तुकडे पाहून कुणाला नवे कपडे झाले, हे तिला कळायचं.

आता माझी गोष्ट. मी बी.ए.ला पुण्यात वसतिगृहात होतो. १९८९ साली रमजान ईद मे महिन्याच्या सुरुवातीला आली आणि परीक्षेमुळे मला घरी जाता आलं नाही. अम्मीनं कार्ड पाठवलं. पाकीट जाड, तिकीट कमी. पोस्टमननं दारात उभं राहून सगळ्यांदेखत दंडाचे पैसे मागितले. माझ्याकडे सुटे नव्हते. ते एका मित्रानं दिले आणि पाकीटही त्यानंच फोडलं. आत मशीद. तिचा मिनार होता माझ्या शाळेतल्या कॉर्डरॉयच्या पँटचा, खाकी, उभ्या रेघांचा. मित्र म्हणाला, “अरे, यांच्या मशिदीनं पँट घातलीय!” सगळे हसले. मीही हसलो.

त्या रात्री मी घरी पत्र लिहिलं : ‘पुढच्या वर्षी बाजारातलं कार्ड पाठवा. इथे ते बरं दिसतं.’ माझी मोठी बहीण, आपा, हिनं ते अम्मीला वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी छापील कार्ड आलं. चमकी, गुलाब आणि आमच्यापैकी कुणालाच न वाचता येणारा उर्दू मजकूर. पाठवणाऱ्याचं नाव आपाच्या अक्षरात. त्यानंतर मला कापडी कार्ड कधी आलं नाही. खालाला जात राहिलं, काकूंना जात राहिलं. अम्मीनं त्यावर कधी शब्द काढला नाही. मीही काढला नाही. ते मिनाराचं कार्ड मी कुठे ठेवलं, हे मला आज आठवत नाही. पुढे मी शब्दांवर कविता लिहिल्या, मातृभाषेवर भाषणं दिली. पण माझ्या आईनं मला माझ्याच अक्षरांत लिहिलेलं पत्र मी परत पाठवल्यासारखंच केलं होतं.

आज अम्मीनं ऐंशी ओलांडली आहे. काचबिंदूनं तिची नजर जवळपास गेली. मशीन आपाकडे आहे, डबाही. ईदेच्या शुभेच्छा आता मोबाइलवर येतात, अम्मीला त्या वाचून दाखवाव्या लागतात. गेल्या रमजानमध्ये मी आपाकडे गेलो आणि म्हणालो, “मला शिकव.” ती आधी हसली. मग तिनं डबा उपडा केला. तळाशी खाकी कॉर्डरॉयचा बोटभर तुकडा निघाला.

चार दिवस बसलो. तीन सुया मोडल्या, दोन कार्डं तिकिटासारखी फाटली. ‘मुबारक’मधला ‘क’ रिंग फिरवताना इतका सुटला, की आपा म्हणाली, “हा ‘फ’ झालाय.” तिसरं कार्ड कसंबसं उभं राहिलं. साधारणपणे आतली, टाक्यांची मागची बाजू झाकायला कोरा कागद चिकटवतात. तो चिकटवायचा माझा राहून गेला.

ईदेच्या सकाळी ते अम्मीच्या हातात दिलं. तिनं बोटं फिरवली. घुमटावरून चंद्रावर, चंद्रावरून मिनारावर. मिनारावरच्या उभ्या रेघांवर बोट थांबलं. “ये तेरी पँट,” ती म्हणाली. मला काही बोलता आलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वीचं जे बोलायचं होतं, ते मी घरून मनात जुळवून आणलं होतं. पण तोवर तिनं कार्ड उघडून मागच्या बाजूचे टाके चाचपायला सुरुवात केली होती. तिथे दोऱ्याचे गुंतेच गुंते होते.

“उप्पर का टेन्शन ढीला है,” ती म्हणाली. “जरा कस.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)