गवंड्याचं सूत आणि अलिबागची सुई

नव्या घराचा पाया आखताना गवंडी काय करतो, हे कधी निरखून पाहिलंय का? त्याच्याकडे ओळंबा असतो, गुण्याही असतो. पण कोपरा मोठा असला की तो नुसत्या गुण्यावर विसंबत नाही. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका सुतावर तीन फुटांची खूण करतो, दुसऱ्यावर चार फुटांची. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं, की काटकोन झाला! तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा. बेरीज पंचवीस, म्हणजे पाचाचा वर्ग. शाळेत ज्याची धास्ती घेतली, ते पायथागोरसचं प्रमेय ते हेच.

कोपरा एकच अंश चुकला, तर वीस फुटांची भिंत टोकाला चार इंचांहून जास्त सरकते. आमच्या पडवीत असं झालं. फरशीची शेवटची ओळ एका बाजूला पूर्ण, तर दुसऱ्या बाजूला निमुळती. त्या पट्टीवर रोज पाय पडतो आणि रोज भूमिती आठवते.

असाच एक काटकोन त्रिकोण अलिबागला शंभर वर्षांहून अधिक काळ मोजला जातो आहे. तो जमिनीवर आखलेला मात्र नाही. होकायंत्राची सुई आडवी फिरते, म्हणून पृथ्वीचं चुंबकीय बल आडवंच असावं असं आपल्याला वाटतं. पण सुई वरखाली झुकायला मोकळी ठेवली, तर इथे तिचं उत्तरेकडचं टोक जमिनीकडे सुमारे पंचवीस अंश कलतं. या कलत्या बलाला कर्ण माना. त्याचा आडवा भाग हा पाया, उभा भाग हा लंब. अलिबागला पाया ढोबळमानाने 38 हजार नॅनोटेस्ला, लंब 18 हजारांच्या आसपास. वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. कर्ण 42 हजारांच्या घरात येतो. दक्षिणेकडे जावं तसा कोन लहान होत जातो आणि तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे सुई जवळजवळ आडवी होते.

ही मोजणी आधी मुंबईच्या कुलाब्यात होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरलं आणि पंचाईत झाली. त्यांच्या तारांतल्या प्रवाहामुळे नाजूक उपकरणं बिघडलेले आकडे दाखवणार. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली 1904 साली वेधशाळा अलिबागला उभी राहिली, तीही बांधकामात लोखंड टाळून. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली गेली, म्हणजे जुन्या नोंदींचा धागा तुटू नये. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. आपल्या जिल्ह्याचंही नाव 1981 पर्यंत कुलाबाच होतं. म्हणजे वेधशाळा कुलाब्यातून कुलाब्यातच आली म्हणायची! आज ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. मुंबईच्या नोंदीत त्रिकोणाचा पाया सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घटलेला दिसतो. ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक पाहतात. तेव्हा घराघरांत वीज नव्हती. मार्च 1989 मध्ये त्याहून लहान वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सुमारे साठ लाख लोकांना नऊ तास अंधारात ठेवलं. पुढचं वादळ किती मोठं असू शकेल, याचा अंदाज अशा जुन्या आकड्यांवरूनच बांधता येतो.

म्हणून, मुलाने ‘हे प्रमेय कशाला शिकायचं?’ असं विचारलं, तर रागावू नका. एक दोरी घ्या. तीन हात, चार हात, पाच हात मोजा आणि घराचा कोपरा तपासायला सांगा. कोपरा चुकलेला निघाला, तर उत्तर त्याचं त्यालाच मिळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)