न्यायाच्या खुर्चीवर बाई



मी मुंबईत फणसवाडीत राहतो. तिथून हायकोर्ट चालत अर्ध्यापाऊण तासावर आहे. ही दगडी इमारत १८७८ साली पुरी झाली. तिच्या माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. दोन्ही पुतळे बायांचे! पण आत बाईला वकिलीसुद्धा करता येत नव्हती. १९२३ साली कायदा झाला, तेव्हा ते दार उघडले.

न्यायाधीशाच्या खुर्चीवर बाई बसायला मात्र १९७८ साल उजाडले. म्हणजे शंभर वर्षे लागली! त्या बाई म्हणजे सुजाता मनोहर. १९५८ साली त्यांनी याच कोर्टात वकिली सुरू केली. वीस वर्षांनी न्यायमूर्ती झाल्या. १९९४ साली त्या इथल्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. त्याच साली दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात गेल्या.

१९९७ साली तिथल्या तीन न्यायमूर्तींनी एक निकाल दिला. कामाच्या जागी बाईची छेड काढली, तर तिची तक्रार ऐकायला समिती हवी. समितीची प्रमुख बाईच हवी. त्या तिघांत सुजाताबाई होत्या. २०१३ साली त्याचा कायदा झाला. आज दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी बाईही जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करू शकते.

बायांनो, तशी वेळ कुणावर न येवो. पण आलीच, तर तो अर्ज तुम्ही आता स्वतःच्या हाताने लिहाल.