सकाळची ती खरखर कुठून येते?

सकाळी गाडी स्टार्ट केली की सिलिंडरच्या बाजूने खर्र-खर्र येतं, थोडी रेस दिली की गायब. ऐकलंय ना?

मागच्या चाकाची चेन आपल्याला दिसते. लोंबली की चाक मागे ओढून टाइट करतो. पण इंजिनाच्या आत आणखी एक चेन असते, कॅम चेन. गॅरेजमध्ये तिला टायमिंग चेन म्हणतात. क्रँकचे २ फेरे झाले की ती कॅमचा बरोबर १ फेरा करते, म्हणून व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात. (जुन्या बुलेटला ही कटकटच नव्हती, तिथे गिअर आणि पुशरॉड.) तेलात भिजलेली असली तरी चेनचे सांधे झिजतात आणि ती लांब होते. मग इथे चाक ओढायला जाणार कसं?

ते काम टेन्शनरचं. क्रँक चेनची एक बाजू खेचतो, दुसरी ढिली राहते. त्या ढिल्या बाजूला, बऱ्याच गाड्यांत सिलिंडरच्या मागे, २ बोल्टवर टेन्शनर बसतो. आतली स्प्रिंग एक दांडा पुढे ढकलते, दांडा वाकडी पट्टी दाबतो आणि पट्टी चेनला. खरी गंमत म्हणजे हा दांडा फक्त पुढे जातो. काहींत दाते आणि खटका, काहींत आटे. चेनने कितीही धक्के मारले तरी मागे येत नाही.

इथेच मी गंडलो. 'जरा बघू' म्हणून दोन्ही बोल्ट ढिले केले आणि पुन्हा आवळले. बस्स, एवढंच! पण ढिलं केलं त्या क्षणी दांडा पुढे सरकला होता. आवळल्यावर त्याने चेन ताणून धरली. खरखर गेली, कूंss असा आवाज सुरू झाला. तसंच चालवलं असतं तर पट्टी आणि चेन दोन्ही खाल्ली असती.

बरोबर पद्धत अशी: इंजिन बंद ठेवून टेन्शनर पूर्ण काढा, दांडा आत घ्या, बसवा, बोल्ट आवळा, मगच दांडा सोडा. आट्यांच्या टेन्शनरला मागचा छोटा बोल्ट काढून बारीक स्क्रूड्रायव्हरने दांडा आत घेता येतो. काढलेला असताना किक मारायची नाही हं! चेन दात सोडते, टायमिंग चुकतं, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर हेड उघडावंच लागतं.

टिक-टिक असेल तर आधी टॅपेट तपासा. टेन्शनर नवा टाकूनही खरखर राहिली, तर चेनच संपलीय.

तुमच्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पण थंड इंजिनचा!